खोटा सरकारी कागद आणि गावचा शिक्षक



गावात कोणाच्या घरी लखोटा आला म्हणजे तो वाचून घेण्यासाठी माणूस शाळेची पायरी चढे, तो काळ फार जुना नाही. परभणी जिल्ह्यात या प्रथेला विशेष कारणही होते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू आणि शेतकऱ्याची भाषा मराठी. शिक्का मारलेला कागद हाती पडला की त्यात काय लिहिले आहे हे कळण्यापूर्वीच घरात काळजी शिरत असे. पुढे कारभाराची भाषा मराठी झाली, साक्षरता वाढली, टपालाची जागा पुष्कळ अंशी मोबाइलने घेतली. तथापि शिक्क्याचे भय अद्याप पुरते ओसरलेले नाही. त्या भयावरच एक नवा धंदा उभा राहिला आहे.

या धंद्याची रीत अशी. मोबाइलवर एक पत्र येते. वर राजमुद्रा, तिच्याखाली सीबीआय किंवा सायबर पोलिसांचे नाव, मध्ये कायद्याच्या कलमांची रांग आणि शेवटी तांबडा शिक्का. ‘आपण बेकायदेशीर रीतीने चित्रपट अथवा अश्लील चित्रफिती पाहिल्याचे आढळून आले आहे, चोवीस तासांत खुलासा न केल्यास अटक करण्यात येईल,’ असा मजकूर असतो. घाबरलेल्या माणसाने उत्तर पाठविले की मागोमाग फोन येतो आणि प्रकरण मिटविण्यासाठी पैसे मागितले जातात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र आहे. अशा गुन्ह्यांना आळा घालणे हेच त्याचे काम. परंतु त्याच्याच प्रमुखांच्या नावाने व सहीने अशी पत्रे लोकांना गेली आणि ती बनावट असल्याचे शासनाला जाहीर करावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे खोटे आदेश दाखवून एका वृद्ध दांपत्याला लुबाडल्याची तक्रार त्या न्यायालयापुढे आली व न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. जेथे न्यायालयाच्या शिक्क्याचीही नक्कल होते, तेथे केवळ शिक्का पाहून कागद खरा मानणे धोक्याचे आहे, हे उघड आहे.

मग शहाणासुरता माणूसही फसतो कसा? समजा, जिंतूर तालुक्यातील एखाद्या तरुणाने रात्री मोबाइलवर नवा चित्रपट फुकट पाहिला आणि दोन दिवसांनी त्याला असे पत्र आले. ‘यांना कळले कसे?’ हा पहिला प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो आणि तेथेच तो निम्मा हरतो. वास्तविक त्या पत्रात त्याचे नाव नसते. कोणता चित्रपट, कोणत्या दिवशी, याचा उल्लेख नसतो. एकच मजकूर हजारो लोकांना धाडलेला असतो. अंधारात मारलेला दगड कोणाला तरी लागतोच. ज्याला लागतो तो लाजेने गप्प बसतो. वडिलांना सांगावे तर ते रागावतील, मित्राला सांगावे तर गावभर होईल. भामट्याचे खरे बळ या लाजेत आहे. डिसेंबर २०१३ मध्ये जर्मनीत हेच दिसून आले. एका संकेतस्थळावर चित्रफिती पाहून स्वामित्वहक्काचा भंग केला, म्हणून अडीचशे युरो भरावेत, अशी वकिली पत्रे तेथे हजारो लोकांना गेली. पुढे त्या मागणीचा कायदेशीर पाया ठिसूळ ठरला. परंतु तोपर्यंत कित्येकांनी बोभाटा नको म्हणून पैसे भरून टाकले होते. त्याच गोंधळात भामट्यांनी तशीच खोटी ईपत्रे पाठविली. त्यांना जोडलेली फाइल उघडताच संगणकात घातक प्रोग्रॅम शिरत असे.

या भयावर पहिला उतारा म्हणजे कायद्याची थोडी ओळख. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या बेकायदा प्रसाराचे प्रकरण चालू होते. बंद केलेल्या संकेतस्थळांवर त्या काळात एक सूचना झळकत असे. अनधिकृत प्रत नुसती पाहणे हाही शिक्षेस पात्र गुन्हा आहे, असा तिचा आशय होता. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो भाग चुकीचा ठरविला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार परवानगीवाचून प्रत वाटणे, जाहीर रीतीने दाखविणे, विकणे वा भाड्याने देणे यांत गुन्हा आहे, केवळ पाहण्यात नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. २०२३ साली चलचित्र कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटाचे चोरून चित्रण व प्रसारण करणाऱ्यास किमान तीन महिने कैद व तीन लाख रुपये दंड ठरला. तोही पाहणाऱ्यासाठी नव्हे. याचा अर्थ चोरीचा चित्रपट पाहणे चांगले, असा कोणी घेऊ नये. लहान मुलांच्या अश्लील चित्रफितींची गोष्ट तर सर्वस्वी निराळी. त्या पाहणे व बाळगणे हा गंभीर गुन्हाच आहे. परंतु गुन्हा कोणताही असो, कैदेची शिक्षा असलेले प्रकरण फोनवरून काही हजारांत मिटविण्याचा अधिकार या देशात कोणत्याही अधिकाऱ्याला नाही. त्या दंडाचा निर्णय न्यायालय करते आणि तोही आरोपीचे म्हणणे ऐकून. ‘डिजिटल अटक’ नावाची वस्तू तर कोणत्याही कायद्यात नाही.

दुसरा उतारा शिक्षकांच्या रोजच्या परिचयाचा आहे. शाळेत येणाऱ्या प्रत्येक परिपत्रकाला जावक क्रमांक असतो, दिनांक असतो, विषय व संदर्भ असतो, सही करणाराचे पदनाम असते आणि प्रत कोणाकोणाला दिली याची नोंद असते. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाखाली संकेतांक छापलेला असतो व तो शासनाच्या संकेतस्थळावर घालून मूळ निर्णय पाहता येतो. खऱ्या सरकारी कागदाचे लक्षण हेच, की तो आपला माग स्वतःच दाखवितो. तो एका कार्यालयातून निघतो, एका माणसाच्या नावाने येतो आणि त्या कार्यालयात जाऊन त्याची खातरजमा करता येते. खोट्या कागदावर पोलीस, सीबीआय, प्राप्तिकर आणि न्यायालय अशा चार खात्यांचे शिक्के एकत्र नांदतात; मात्र पोलीस ठाण्याचे नाव किंवा गुन्हा नोंद क्रमांक सापडत नाही. शासकीय ईपत्राचा पत्ता सामान्यतः जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन या अक्षरांनी संपतो. भामट्याचे पत्र बहुधा कोणालाही फुकट मिळणाऱ्या खाजगी पत्त्यावरून येते.

याखेरीज तीन गोष्टी एकत्र दिसल्या की संशय दृढ करावा: घाई, गुप्तता आणि पैसा. ‘चोवीस तासांत’, ‘कोणालाही सांगू नका’, ‘या क्रमांकावर रक्कम पाठवा’. खरी नोटीस वकिलाचा सल्ला घेण्यास मना करीत नाही. पोलिसांनी हजर राहण्याबाबत द्यावयाची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिले आहेत. न्यायालयाचे समन्स क्वचित इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकते. परंतु त्यावर न्यायालयाचे नाव, खटल्याचा क्रमांक व तारीख असते आणि तालुक्याच्या न्यायालयात त्याची चौकशी करता येते.

असे पत्र घेऊन कोणी शाळेत आला, तर शिक्षकाने प्रथम काय करावे? ‘खरेच पाहिलेस काय?’ हा प्रश्न विचारू नये. तो विचारताच आलेला माणूस मिटतो आणि पुन्हा येत नाही. ‘बरे केले, दाखविलेस. पैसे पाठविले आहेत काय?’ एवढेच विचारावे. पाठविले नसतील तर उत्तर देऊ नये, दुवा दाबू नये, जोडलेली फाइल उघडू नये. मात्र पत्र पुसूनही टाकू नये, कारण तोच पुरावा आहे. शंका राहिल्यास पोलीस पाटलांना बरोबर घेऊन ठाण्यात जावे. पत्रात दिलेल्या क्रमांकावर खातरजमा करणे म्हणजे चोरालाच चोरीचा पत्ता विचारणे होय. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार लवकर पोचल्यास रक्कम बँकेत अडवून धरता येते. पुढे गेलेली रक्कम परत मिळणे कठीण. लेखी तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर नोंदविता येते.

वर्गातही याचा पाठ सहज देता येईल. वरच्या वर्गांत पत्रलेखन शिकविताना शाळेचे एक जुने परिपत्रक मुलांपुढे ठेवावे आणि जावक क्रमांक, दिनांक, पदनाम शोधून काढण्यास सांगावे. मग फळ्यावर एक बनावट नोटीस लिहून तीत काय काय नाही ते त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे. ज्या मुलाने खुणा स्वतः शोधल्या, तो घरी आजोबांच्या मोबाइलवर आलेले पत्रही त्याच नजरेने पाहील.

लखोटा वाचून दाखविणाऱ्या गुरुजींचे काम मोबाइलने संपविले, असे वाटत होते. प्रत्यक्षात ते निराळ्या रूपाने परत आले आहे. सेलूपासून पालमपर्यंत आणि पाथरीपासून पूर्णेपर्यंत प्रत्येक गावात, भ्यालेल्या माणसाला ज्याच्याकडे न लाजता जाता येईल, असे एक तरी दार उघडे असावे. ते दार शाळेचे असावे, एवढीच अपेक्षा आहे.