फुकटच्या खेळासाठी वर्गणी



‘सध्या काय करतेस ते दहा मिनिटांत सांग,’ असा संयोजकांचा हुकूम आहे. दिवसा मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. हे आपल्या निम्म्या वर्गाला लागू आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. रात्री आणि शनिवार-रविवारी मी दोन तरुण चित्रकार मुलींसोबत एक व्हिडिओ गेम तयार करते. आज त्याविषयी बोलते.

खेळात तुम्ही मुक्कामी एसटीचे चालक असता. संध्याकाळी तालुक्याहून निघायचे. घाट, पाऊस, मध्येच हात करणारी माणसे, बाजाराची गाठोडी. शेवटच्या गावी मुक्काम, आणि पहाटे शाळेची पोरे घेऊन परत. आपल्यापैकी बरेच जण त्या ‘पोरां’त होते, म्हणून जास्त वर्णन करत नाही. (महामंडळाचे बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही, म्हणून आमची गाडी नुसतीच लाल आहे.)

हा खेळ ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड कोणालाही मोफत मिळेल, वाचता येईल, बदलता येईल. कारण साधे आहे. मला माझ्या गावचा रस्ता ठाऊक आहे. देवगडचा किंवा मेळघाटातला रस्ता तिथल्याच कोणीतरी काढायला हवा. खेळ कुलूपबंद ठेवला तर तो कधीच निघणार नाही.

घरचा पहिला प्रश्न अपेक्षित होता : ‘फुकट देणार, तर पैसे कोण देईल?’

उत्तर आपल्याला नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले, आणि लोकांच्या एकेका पैशातून तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. १९७६चा ‘मंथन’ चित्रपट गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन काढला. आमच्या क्षेत्रातले उदाहरण ब्लेंडरचे. त्रिमितीय चित्रांचे हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा ते सर्वांसाठी खुले करायला गुंतवणूकदारांनी एक लाख युरो मागितले. २००२ साली लोकांनी ते सुमारे सात आठवड्यांत जमवले. आमच्या त्या दोघी आज त्याच ब्लेंडरवर काम करतात, एक रुपयाही न देता. फुकट वस्तू विकता येत नाही, पण ती व्हावी म्हणून आधी वर्गणी काढता येते.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘झिरो ए.डी.’ नावाचा प्राचीन काळातल्या लढायांचा एक सुंदर ओपन सोर्स खेळ आहे. त्यात मौर्यांचे सैन्यसुद्धा आहे. त्यांनी २०१३ साली १,६०,००० डॉलर मागितले. जमले सुमारे ३३,०००. खेळ चांगला होता, खेळणारे होते, तरी एवढेच. पुढेही स्वयंसेवकांनी तो जिवंत ठेवला, याचे मला फार कौतुक आहे. पण आमची अडचण वेगळी आहे. त्या दोघींपैकी एक हे काम पूर्णवेळ करायला नोकरी सोडायला तयार आहे. मोहीम फसली तर माझा पगार चालू राहील, तिचा नाही. त्यामुळे आमचे सगळे नियोजन या एका वाक्याभोवती आहे.

आधी हिशेब. दोघींचे दरमहा ३०,००० प्रमाणे आठ महिन्यांचे मानधन ४,८०,०००. संगीत आणि आवाज १,२०,०००. चाचणीसाठी साधे, जुने फोन ६०,०००. देणगीदारांच्या भेटी आणि टपाल ८०,०००. अडीअडचणीला दहा टक्के धरून ८,१४,०००. माझे मानधन शून्य. संकेतस्थळाचे कमिशन आणि पैसे वळते करण्याचा खर्च मिळून दहा टक्के धरले, तर मागायला हवेत सुमारे ९,०५,०००. कराचा भाग सीएकडे बसून वेगळा काढला आहे. जमलेली रक्कम म्हणजे हातातली रक्कम नव्हे.

मग माणसांचा हिशेब. सरासरी ५०० रुपये धरले तर १,८१० माणसे लागतात. पान बघणाऱ्या शंभरातले पाच देतील असा माझा अंदाज आहे. म्हणजे ३६,००० लोकांनी ते बघायला हवे. आज आमच्या यादीत २,३०० जण आहेत. गणिताच्या सरांनी आम्हाला त्रैराशिक चांगले शिकवले, त्यामुळे यातून काय निघते ते मला लगेच कळते : शंभरावर थोडे. म्हणून दिवाळीचा मुहूर्त रद्द केला. आधी एका घाटाचा खेळता येईल असा नमुना मोफत देणार, यादी वाढवणार, आणि मगच मोहीम.

मोहीम ‘सगळे किंवा काहीच नाही’ या पद्धतीची असेल. ठरलेली रक्कम जमली नाही, तर कोणाच्या खात्यातून पैसे जाणारच नाहीत. अर्ध्या पैशात पूर्ण खेळाचे वचन निभावण्याची वेळ नको. आणि पैसे खात्यात आल्याशिवाय त्या मुलीने राजीनामा द्यायचा नाही, हे मी तिच्या आईलाही सांगितले आहे. भेटींत टी-शर्ट नाहीत. मापे आणि टपाल यांतच पैसे संपतात. एक हजार देणाऱ्याच्या गावाचे नाव खेळातल्या थांब्याच्या पाटीवर येईल. मोहिमेनंतर दर महिन्याला जमाखर्च जाहीर करू. गणेशोत्सव मंडळाचा कागद नोटीस बोर्डावर लागतो, तसाच.

मी आज पैसे मागायला उभी नाही. मला दोन गोष्टी हव्या आहेत. नमुना आला की तुमच्या मुलांना खेळायला द्या आणि ती कुठे कंटाळली ते मला खरे खरे कळवा. दुसरे, जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तुम्ही ज्या गाडीने शाळेत यायचात तिचे थांबे क्रमाने लिहा. वडाचा थांबा, मोरीचा थांबा, कुणाच्या तरी दुकानाचा थांबा. नकाशावर ती नावे नाहीत, ती फक्त आपल्यालाच माहीत आहेत. आणि बाई, तुम्ही ज्या गाडीने यायचात ती उशिरा आली की आम्हाला किती आनंद व्हायचा, हे त्या वहीत लिहायला मी सगळ्यांना परवानगी दिली आहे.