गाठ आहे, पण घाई नको



पोटाच्या भिंतीत, खांद्यात किंवा मांडीत एक टणक गाठ हाताला लागते. बायोप्सी होते, रिपोर्टवर ‘डेस्मॉइड ट्यूमर’ असं लिहून येतं आणि घरात दोन मतं पडतात. एक जण म्हणतो, कॅन्सर नाही ना, मग सुटलो. दुसरा म्हणतो, लगेच कापून टाका. पहिल्याचं अर्धं खरं आहे. दुसऱ्याचं, आजच्या माहितीनुसार, बहुतेक वेळा चूक आहे.

अर्धं खरं अशासाठी, की ही गाठ फुप्फुसात किंवा यकृतात पसरत नाही. पण जिथे आहे तिथे स्नायूत, नसांत, आतड्यांच्या पडद्यात ती घुसत जाते. आजार दुर्मीळ आहे, दहा लाख लोकांत वर्षाला पाचेक जणांना होणारा. तरुण वयात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि पुष्कळदा बाळंतपणानंतरच्या महिन्यांत किंवा जुन्या ऑपरेशनच्या व्रणापाशी.

कित्येक दशकं शस्त्रक्रिया हाच पहिला उपाय होता. भोवतालचा निरोगी भाग धरून गाठ काढायची. क्वचित हात किंवा पायही गमवावा लागे. आणि शेतातल्या हराळीसारखी ती पुन्हा तिथेच उगवायची. गाठ गेली नाही ती नाहीच, वर खांदा कायमचा अधू झाला, अशी माणसं या आजारात कमी नाहीत.

मग लक्षात आलं, की काही गाठी आपोआप थांबतात, काही आकसतात. याचा सज्जड पुरावा 2018 साली एका औषधाच्या चाचणीत मिळाला. सोराफेनिब हे ते औषध, रुग्ण 87. औषध घेणाऱ्यांपैकी 33 टक्के लोकांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. पण ज्यांना औषधाचा अंशही नसलेली गोळी दिली होती, त्यांच्यातही 20 टक्के लोकांच्या गाठी तितक्याच लहान झाल्या! मला तरी औषधाच्या यशाइतकाच हा दुसरा आकडा मोलाचा वाटतो.

म्हणून आता पहिला उपचार म्हणजे लक्ष ठेवणं. निदानानंतर महिन्या-दोन महिन्यांत एमआरआय, मग तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. एकदा गाठ थोडी वाढलेली दिसली म्हणून लगेच औषध सुरू करत नाहीत. ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ असं नातेवाइकांना वाटतं, पण हे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. मात्र गाठ मानेत असेल, आतड्याला किंवा मूत्रवाहिनीला दाबत असेल, दुखणं झोपू देत नसेल, तर औषध लवकर सुरू करावं लागतं.

सोराफेनिबने त्या चाचणीत दोन वर्षं आजार वाढू न देण्याचं प्रमाण 81 टक्के होतं. औषध नसलेल्या गोळीवर 36 टक्के. तळहात-तळपाय सोलवटणं, रक्तदाब वाढणं, जुलाब हा त्रास होतो. किमतीचं म्हणाल तर मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून भारतातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची मुभा, निघाला, तो याच औषधासाठी. महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांवर जाणारं औषध 8,880 रुपयांत विकायची मुभा नॅटको कंपनीला मिळाली. तेव्हा नजरेसमोर यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरचे रुग्ण होते. फायदा पुढे डेस्मॉइडवाल्यांनाही झाला.

खास याच आजारासाठी अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये निरोगासेस्टॅट या गोळीला मान्यता मिळाली. चाचणीत 41 टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या. मूल होण्याच्या वयातल्या बहुतेक स्त्रियांत अंडाशयाच्या कामात बिघाड दिसला, बऱ्याच जणींत तो औषध थांबवल्यावर सुधारला. तरी लग्न-मुलांचा विचार आधी बोलून घ्यावा. मेथोट्रेक्सेट आणि विनब्लास्टिनची कमी मात्रेतली जुनी केमोही टिकून आहे. तिचा गुण सावकाश येतो, पण येतो. सुयांनी गाठ गोठवण्याची पद्धत काही ठिकाणच्या गाठींना चालते. रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात, ते तरुणांत शक्यतो टाळतात, कारण वर्षांनंतर त्यातूनच दुसरा कॅन्सर उद्भवू शकतो. शस्त्रक्रिया संपलेली नाही. वाढत जाणारी पोटाच्या भिंतीतली गाठ काढणं आजही योग्य ठरू शकतं.

आणखी एक. घराण्यात मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होण्याचा आजार असेल, तर डेस्मॉइड हा त्याचाच भाग असू शकतो. अशा रुग्णाची कोलोनोस्कोपी व्हायलाच हवी.

तेव्हा श्रोतेहो, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी बायोप्सीचे ब्लॉक, स्लाइड आणि एमआरआयची सीडी घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी, सारकोमाचे, म्हणजे स्नायू-हाडांसारख्या भागांतल्या कॅन्सरचे, रुग्ण नेहमी पाहणाऱ्या डॉक्टरांच्या चमूला एकदा दाखवा. नुसता रिपोर्ट नेऊ नका; त्यांना स्लाइड स्वतः बघायची असते.