ठिणगीची वेळ

श्रोतेहो, जुन्या पेट्रोल जीपचा कार्बुरेटर काढून पेट्रोल फवारणारी यंत्रणा बसवली, ठिणगीही संगणकाच्या हाती दिली, आणि मग चढावर इंजिन खडखडू लागले, सुरू करताना उलटा झटका देऊ लागले, तर नुसते पेट्रोल तपासून भागत नाही. ठिणगीची वेळ पाहा.

कारण असे, की जुन्या डिस्ट्रिब्युटरात वेग वाढला म्हणजे ठिणगी लवकर पाडणारी वजने असतात. संगणकही तेच काम करतो. एका गाडीला दोन गाडीवान झाले! ठिणगी फारच लवकर पडते आणि पिस्टनला भोक पडण्याची पाळी येते. म्हणून ती वजने आणि व्हॅक्यूमची डबी आधी जखडून टाकावी.

मग संगणकात वेळ १० अंशांवर कायम ठेवून टायमिंग लाइटचा उजेड पुलीच्या खुणेवर पाडावा. सदऱ्याची बाही मात्र पट्ट्यापासून दूर! तिथेही १०च दिसले पाहिजेत. फरक असल्यास तो आधी काढावा. मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत वेग नेला तरी खूण हलू नये. सरकलीच, तर सेन्सरच्या तारा उलट जोडल्या आहेत का, ते बघावे.

शिक्षक मित्रांनो, मुलांना एवढे जरूर सांगा: पडद्यावरचा आकडा हा संगणकाचा हुकूम. तो पाळला गेला की नाही, हे पुलीवरची खूणच सांगते.