तोडलेलें झाड आणि वाळलेली डहाळी

कोंकणच्या समुद्रकांठीं उंडीचें झाड पुष्कळ श्रोत्यांनीं पाहिलें असेल. त्याच्या बियांचें तेल पूर्वीं दिव्यांत जाळीत असत. या उंडीचें एक भावंड बोर्निओ बेटावरील सारावाक प्रांतांत, दलदलीच्या अरण्यांत वाढतें. शास्त्रज्ञ त्याला कॅलोफायलम लॅनिजेरम म्हणतात. वनस्पतींतून विषाणूंवर औषध शोधणें किती कष्टाचें काम आहे, हें या झाडाच्या हकीकतीवरून चांगलें ध्यानांत येतें.

विषाणु स्वतःच्या बळावर वाढूं शकत नाहीं. परक्याच्या घरांत शिरून त्याच्याच चुलीवर, त्याच्याच शिध्याचा स्वयंपाक करणाऱ्या आगंतुकाप्रमाणें तो शरीरांतील पेशींत शिरतो आणि तेथील सामुग्रीवर आपली प्रजा वाढवितो. त्याला मारणारीं विषें पुष्कळ आहेत. परंतु त्यांनीं पेशीही मरते. चूल शाबूत ठेवून आगंतुकाला रोखील असें द्रव्य मात्र विरळा.

इ. स. १९८७ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठीं वनस्पति गोळा करणाऱ्या पथकानें सारावाकमधील अशा एका झाडाच्या डहाळ्या पानांसह नेल्या. पुढें त्यांचा अर्क काढून, एड्स रोगाचा विषाणु ज्यांत सोडला आहे अशा मानवी पेशींवर तो घालून पाहिला. पेशी जगल्या आणि विषाणूची वाढ थांबली. परंतु अर्क म्हणजे अनेक द्रव्यांचें मिश्रण. त्यांतील गुणकारी कोणतें? सुपांत धान्य पाखडावें त्याप्रमाणें शास्त्रज्ञांनीं अर्काचे भाग पाडले, प्रत्येक भाग पेशींवर तपासला, गुण दाखविणारा तेवढा ठेवला आणि त्याचे पुन्हां भाग पाडले. अखेर जें शुद्ध द्रव्य हातीं आलें, त्याला कॅलॅनोलाइड ए असें नांव मिळालें. त्याचा शोध १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. या विषाणूला आपला आनुवंशिक लेख पेशीच्या लिपींत उतरवून घ्यावा लागतो. हें लेखन करणाऱ्या विकराला चिकटून हें द्रव्य तें काम बंद पाडतें.

पुढील प्रयोगांसाठीं अधिक द्रव्य हवें होतें. म्हणून शोधक पुन्हां त्याच जागीं गेले; पण तेथें तें झाड नव्हतें. कोणीतरी तें तोडलें होतें. त्याच जातीचीं दुसरीं झाडें तपासलीं, तर त्यांत हें द्रव्य जवळजवळ मिळेना. जात एक असली तरी माती, ऋतु, वय व वाण यांप्रमाणें झाडाचा रस पालटतो.

शोध मात्र थांबला नाहीं. कॅलोफायलम टेसमनी या दुसऱ्या भावंडाच्या चिकांत याच कुटुंबांतील, कांहींसें सौम्य द्रव्य सांपडलें. आणि चीक काढावयास झाड पाडावें लागत नाहीं. कॅलॅनोलाइड ए पुढें प्रयोगशाळेंतही तयार करतां आलें. १९९६ मध्यें सारावाक सरकार व एक अमेरिकन कंपनी यांनीं त्यासाठीं भागीदारी केली, आणि माणसांवर त्याच्या चांचण्याही झाल्या. तथापि तें औषध म्हणून अद्याप बाजारांत आलेलें नाहीं. कांचेच्या भांड्यांत गुण येणें आणि रोग्याच्या देहांत गुण येणें, यांत मोठें अंतर असतें. म्हणून अमक्या पाल्याचा रस विषाणु मारतो असें ऐकून कोणीं तो घेऊं लागूं नये.

झाड गेल्यावरही शोधाचा धागा तुटला नाहीं, याचें एक कारण अगदीं साधें आहे. असे संग्राहक प्रत्येक झाडाची एक डहाळी दाबून, वाळवून ठेवतात आणि तिच्यासोबत स्थळ व तारीख लिहितात. ती चिठ्ठी नसती, तर कोणत्या झाडाचा हा अर्क, हेंच कळलें नसतें. पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या कचेरींत असे वाळविलेले नमुने जपून ठेवलेले आहेत. वरवर पाहतां तो पालापाचोळा वाटेल. परंतु त्यांतील एखादें पान अशा झाडाचें असूं शकेल, कीं जें आज त्या जागीं उभें नाहीं.