पायाखालची ऊब आणि तिचा हिशेब



वैशाखातल्या संध्याकाळी, डोक्यावर पंखे फिरत असताना, घरातील जमीन विजेने कशी तापवावी आणि त्याला खर्च किती येतो या विषयावर कोणी बोलावयास उभा राहिला, तर आपल्याला हसू येणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे जमीन तापवावी लागत नाही. उलट पाणी शिंपडून निववावी लागते. परंतु ज्या घरातले कोणी इंग्लंडात, जर्मनीत वा कॅनडात राहावयास गेलेले नाही, अशी घरे आज या गावात किती उरली आहेत? त्या मुलांचे फोन येतात. "घर घेतो आहोत, फरशीखाली विजेच्या तारा घालून देतो म्हणतात. घालाव्यात का?" इकडे आईवडिलांना प्रश्नच कळत नाही, मग उत्तर काय देणार?

मी शास्त्रज्ञ नाही, स्थापत्यशास्त्रीही नाही. शाळा लवकर सुटली. विजेबद्दल जे थोडेफार समजते ते ग्रंथालयातील पुस्तकांतून आणि खांबावर चढणाऱ्या कामगारांच्या तोंडून शिकलो. मात्र पंचवीस-तीस वर्षे कामगार संघटनेचे काम केल्यामुळे कोणतीही नवी सोय पुढे आली की एक प्रश्न विचारण्याची सवय लागली आहे: ही सोय कोणी ठरविली, आणि तिचे पैसे दरमहा कोण भरणार? आज हाच प्रश्न मी फरशीला विचारणार आहे.

प्रथम हे ध्यानात घेऊ, की कल्पना नवी नाही. रोमन लोकांनी विटांच्या लहान खांबांवर जमीन उचलून धरली आणि तिच्याखालून भट्टीचा गरम धूर खेळविला. स्नानगृहे उबदार झाली; भट्टीत लाकडे सारण्याचे काम बहुतेक गुलामांकडे असे. कोरियात घराच्या जमिनीखालून चुलीचा धूर दगडी नळ्यांतून नेण्याची रीत शतकानुशतके चालत आली. तिला 'ओन्दोल' म्हणतात. चुलीजवळची जागा सर्वांत उबदार, म्हणून ती घरातील वडीलधाऱ्यांना द्यावयाची, असा तेथला शिष्टाचार. आपल्या देशातही काश्मिरी घरांत 'हमाम' असतो; दगडी जमिनीखाली लाकडे जळतात आणि वर माणसे बसतात. फ्रँक लॉईड राईट या अमेरिकन वास्तुशिल्पकाराने जपानमध्ये अशी कोरियन खोली अनुभवली, आणि १९२३ मध्ये खुल्या झालेल्या टोकियोच्या इंपीरियल हॉटेलात स्नानघरांच्या जमिनीखाली विजेची उष्णता बसविली.

या जुन्या पद्धतींना धोकाही होता. कोरियात लाकडाच्या जागी कोळशाच्या वड्या आल्या, तेव्हा जमिनीच्या भेगांतून कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरून झोपेतच असंख्य माणसे दगावली. पुढे तेथे जमिनीखालून गरम पाण्याचे नळ फिरविण्यात आले. विजेच्या तारेत धूर नाही, विषारी वायू नाही, हा तिचा पहिला आणि मोठा गुण.

दुसरे गुणही खरे आहेत आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. भिंतीवरचा रेडिएटर हवा तापवितो. गरम हवा छताकडे जाते आणि पाय गारच राहतात. जमीन तापली म्हणजे पायांना ऊब आणि डोक्याला मोकळेपणा, हे शरीराला मानवते. खोलीचे तापमान एखादा अंश कमी ठेवूनही बरे वाटते. भिंती मोकळ्या राहतात. दरवर्षी दुरुस्तीवाला बोलवावा लागत नाही. शिवाय जुन्या घरात पाण्याचे नळ घालावयाचे तर जमीन खणून कोबा नव्याने करावा लागतो. विजेच्या तारांची चटई मात्र काही मिलिमीटर जाडीची असते. ती लादीखाली चिकटविली, जमिनीत तापमान मोजणारा काटा बसविला, भिंतीवर थर्मोस्टॅट लावला की काम झाले. म्हणून ती बसविण्यास स्वस्त पडते. 'बसविण्यास' हा शब्द कृपा करून लक्षात ठेवा, कारण पुढचा सारा विषय त्यावर आहे.

आता हिशेब. आपल्या घरचा गीझर घ्या. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यावयाचे तर ४५० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज जळाली. गीझर कोणत्याही कंपनीचा असो, या आकड्यात फरक पडत नाही. फरशीखालच्या तारेलाही हाच नियम. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते. अधिक नाही, उणी नाही. "आमची तार शंभर टक्के कार्यक्षम" असे विक्रेता म्हणतो ते खरेच आहे; पण तितकी कार्यक्षम दोन पैशांची साधी कॉइलसुद्धा असते. प्रश्न तारेचा नसून युनिटाच्या दराचा आणि घरातून बाहेर पळणाऱ्या उष्णतेचा आहे.

ब्रिटनमध्ये २०२५ साली घरगुती विजेचा दर युनिटाला सुमारे २६ पेन्स होता आणि गॅसचा सुमारे साडेसहा पेन्स. म्हणजे चौपट. याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक असे की गॅस जाळून वीज करताना जवळजवळ निम्मी उष्णता केंद्रातच वाया जाते. आता स्नानघर धरा. मोकळी जमीन तीन चौरस मीटर, तारेची ताकद चौरस मीटरला १५० वॅट. एकूण ४५० वॅट. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास चालविली तर ०.९ युनिट, म्हणजे सुमारे २३ पेन्स. महिन्याला २७ युनिटे, सात पौंड. हिवाळ्यात ओल्या पायांनी थंडगार लादीवर उभे राहावे लागू नये म्हणून सात पौंड द्यावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मला विचाराल तर घरात म्हातारे माणूस असेल तेथे जरूर द्यावे.

पण तीच तार बैठकीच्या खोलीत घाला. वीस चौरस मीटर जमीन, म्हणजे तीन किलोवॅट. दिवसाचे दहा तास, थर्मोस्टॅटने निम्मा वेळ बंद ठेवली असे धरू, तरी रोजची १५ युनिटे. दिवसाला ३ पौंड ९० पेन्स. महिन्याला ११७ पौंड. हीच उष्णता चांगल्या गॅस बॉयलरने घेतली तर महिन्याला सुमारे ३३ पौंड. आणि हवेतील उष्णता ओढून घेणारा उष्णता-पंप लावून तिने तापलेले पाणी जमिनीखालून फिरविले, तर एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता मिळते. तेव्हा ३९ पौंड. हा हिशेब एका खोलीचा आहे. अख्खे घर आणि पाच महिन्यांचा हिवाळा डोळ्यांसमोर आणा. बसविण्यास स्वस्त असलेली वस्तू चालविण्यास किती महाग होऊ शकते, ते मग वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही ती लोकांच्या घराघरांत कशी गेली? ब्रिटनमधील १९६० च्या दशकात नगरपालिकांनी कामगारांसाठी उंच इमारती बांधल्या. पंधराव्या मजल्यावर कोळसा कोण नेणार? धुराडी नको, नळ नको. तेव्हा अशा कित्येक इमारतींत जमिनीच्या काँक्रीटमध्येच विजेच्या तारा पुरल्या. वीजमंडळालाही ते सोयीचे होते, कारण कोळशाची वीजकेंद्रे रात्री बंद करता येत नाहीत आणि रात्री वीज घेणारा कोणी नसतो. रात्री स्वस्त दराने काँक्रीट तापवावे आणि दिवसभर ते ऊब देत राहावे, अशी योजना. कागदावर उत्तम! पण कामगार घरी येतो संध्याकाळी. तोवर जमीन निवलेली असे, आणि दुपारी रिकाम्या घरात ती ऊब देऊन बसलेली असे. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट होऊन एक कोपरा कोसळला आणि चार माणसे ठार झाली. त्यानंतर तशा बांधणीच्या अनेक इमारतींतून गॅस काढून टाकण्यात आला. तेथल्या भाडेकरूंपुढे विजेशिवाय दुसरा मार्गच उरला नाही.

१९७३ नंतर तेल महाग झाले, पाठोपाठ वीजही. लोकांनी काय केले? जे आपण केले असते तेच. बटण बंद केले. काँक्रीटच्या थंड भिंतींवर श्वासाची आणि वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ थिजू लागली. ओल आली, मागून काळी बुरशी आली. ग्लासगोच्या गॉर्बल्स भागात हचेसनटाउन ई नावाची वसाहत होती. ओल तुमच्या राहणीमुळे येते, असे तेथल्या भाडेकरूंना ऐकावे लागले. त्या स्त्री-पुरुषांनी संघटना केली आणि दोष आमच्या श्वासाचा नसून तुमच्या बांधणीचा आहे, हे वर्षानुवर्षे भांडून लोकांपुढे आणले. १९८७ मध्ये ती वसाहत पाडण्यात आली. बांधून पुरती वीस वर्षेही झाली नव्हती.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे मूल घरातील बुरशीमुळे मरण पावले, असा निर्णय २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत देण्यात आला, आणि २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यात त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. ते घर कशाने तापत होते हा माझा मुद्दा नाही. घर कोरडे आणि उबदार असणे ही चैन नव्हे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आणखी एक गोष्ट तिकडल्या मीटरची. गरीब घरांत पुष्कळदा आधी पैसे भरावयाचे मीटर असते. पैसे संपले की वीज संपते. येथे वीज तोडावयास लाइनमन येतो. त्याच्याशी भांडता येते, दोन दिवसांची मुदत मागता येते. तेथे कोणी येत नाही. म्हातारी एकटी गोधडी पांघरून बसते. तिच्या पायाखाली तारा मात्र शाबूत असतात.

मग मुलांना उत्तर काय द्यावयाचे? सरसकट 'घाला' किंवा 'घालू नका' असे नव्हे. त्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. पहिली: भिंती, छप्पर आणि खिडक्या उष्णता धरतात का? धरत नसतील तर पहिला पैसा तेथे घालावा. फुटक्या रांजणात पाणी भरण्यात अर्थ नाही. दुसरी: तारेच्या खाली उष्णतारोधक थर घालणार का? तो नसेल तर विकत घेतलेली ऊब खालच्या काँक्रीटला जाते. तिसरी: तार लादीखाली जाण्यापूर्वी आणि लादी बसल्यावर, दोन्ही वेळा तिचा रोध मापून लिहून देणार का? जड कपाटाखाली तार घालू नये आणि तापणारी तार कधी कापू नये; एकदा लादीखाली गेलेला दोष लादी फोडल्यावाचून काढता येत नाही. चौथी: वीज कोणत्या दराने मिळणार, आणि तो दर उद्या बदलला तर? हा प्रश्न पोकळ नाही. तिकडे हजारो घरांतील रात्रीची उष्णता बीबीसीच्या दीर्घलहरी प्रक्षेपणात मिसळलेल्या संकेताने चालू-बंद होत असे. ती जुनी व्यवस्था ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात झाली, आणि त्या घरांना मीटर बदलून घ्यावे लागले. जमिनीत पुरलेली तार जागची हलत नाही. तिच्या भोवतीचे जग मात्र बदलते.

माझे सांगणे एवढेच आहे. लहान खोलीत, थोडा वेळ, स्वतःच्या मर्जीने चालवावयाची असेल तर विजेची फरशी ही चांगली सोय आहे. अख्ख्या घराचा भार तिच्यावर टाकावयाचा असेल, तर आधी घर नीट बांधा आणि मग कागद-पेन्सिल घ्या. आणि जेथे घर एकाचे व बिल दुसऱ्याचे, तेथे बिल भरणाऱ्याला विचारल्यावाचून जमिनीत काहीही पुरू नये. हा नियम इंग्लंडपुरता नाही. आपल्या गावातही नवी संकुले उभी राहत आहेत. उद्वाहन, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, यांची निवड बांधणारा करतो आणि तो निघून गेल्यावर महिन्याचे बिल राहणारे भरतात. घर घेताना आपण लादीचा रंग विचारतो, स्वयंपाकघराचा ओटा हाताने चाचपून पाहतो. आता यापुढे आणखी एक प्रश्न विचारत जा: हे सारे चालविण्यास दरमहा किती पडेल, ते लिहून द्या. एकट्याने विचारले तर कदाचित उत्तर मिळणार नाही. चाळीस बिऱ्हाडांनी मिळून विचारले तर द्यावेच लागते, हा माझा आयुष्याचा अनुभव आहे.