स्लॅबखालचं गोल्फ



खारघरला पांडवकड्याच्या डोंगराला लागून सिडकोचं गोल्फ मैदान आहे. २०१२ साली ते खुलं झालं तेव्हा ११ होलचं होतं. पसारा मात्र शंभर हेक्टरांच्या घरातला. जूनमध्ये त्याच डोंगरावरून पाणी धो धो उतरायला लागलं, की चेंडू पडेल तिथेच चिखलात रुतून बसतो. गोल्फची चटक लागलेल्या माणसाचे पुढचे चार महिने मग आभाळाकडे आणि हवामान खात्याच्या इशाऱ्यांकडे बघण्यात जातात. मी नवी मुंबईत इंटिरियरची कामं करतो. ‘घरातच गोल्फची खोली करून द्या’ असे फोन मला येतात ते बहुतेक याच दिवसांत.

जागेचा प्रश्न तर आहेच. नेरूळला खाडीकाठच्या पाणथळ जागेवर आणखी एक गोल्फ मैदान करायचं घाटत होतं. फ्लेमिंगो उतरतात त्याच भागात. रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी कोर्टात गेले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बेत रद्द ठरवला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. माझं मत विचाराल, तर पक्षी आहेत तिथेच बरे. १८ होलच्या मैदानाला सहज ५०-६० हेक्टर जमीन लागते, आणि आपल्याकडे वीस बाय पंधराची एक जास्तीची खोली मिळवायची म्हटलं तर माणूस वीस वर्षं हप्ते भरत बसतो.

जमीन कमी आणि हौस जास्त, ही अडचण दक्षिण कोरियात आपल्याआधी आली. तिथे २००० साली गोल्फझोन ही कंपनी निघाली आणि ‘स्क्रीन गोल्फ’ गल्लोगल्ली पोचलं. ऑफिस सुटल्यावर मंडळी इमारतीच्या तळघरात जाऊन पडद्यावर चेंडू मारतात. अमेरिकेत टायगर वुड्स आणि रोरी मॅकइलरॉय यांनी जानेवारी २०२५ मध्ये बंदिस्त स्टेडियममधली लीगच सुरू केली. खेळाडू एका अवाढव्य पडद्यावर फटके मारतात. म्हणजे प्रकार आता पोरखेळ राहिलेला नाही.

यंत्रणा अशी. पायाखाली हिरवी मॅट, समोर आठ-दहा फुटांवर मजबूत पडदा, पडद्यावर प्रोजेक्टरनं उमटलेलं मैदान आणि चेंडूजवळ एक मोजणी यंत्र. त्याला लाँच मॉनिटर म्हणतात. चेंडू सुटल्याबरोबर हे यंत्र त्याचा वेग, कोन आणि गिरकी टिपतं; उरलेले दोनशे मीटर संगणक गणितानं पूर्ण करतो. यंत्रं दोन जातींची. रडारवाली तुमच्या मागे सहा-आठ फुटांवर बसतात आणि चेंडू उडताना बघायला त्यांना लांबी हवी असते. कॅमेऱ्यावाली चेंडूच्या शेजारीच बसतात. फ्लॅटमध्ये दुसरी बरी. किंमत पन्नास-साठ हजारांपासून पंधरा-वीस लाखांपर्यंत कुठेही जाते, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आता आपल्या घराघरांतली खास अट. खोली नुसती गोल्फची नको, तीत सिनेमाही दिसला पाहिजे. घरातल्या बाकीच्यांची मंजुरी त्या अटीवरच मिळालेली असते! वरवर वाटतं, यात अवघड काय? पडदा आहे, प्रोजेक्टर आहे, चार स्पीकर टांगले की झालं. काम हातात घेतलं की कळतं, या दोघांच्या मागण्या जवळजवळ प्रत्येक बाबतीत एकमेकींच्या उलट आहेत.

पण त्याआधी छत. सगळं काम तिथेच अडतं किंवा सुटतं.

राहत्या खोलीची उंची नियमानं किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. बिल्डरच्या इमारतीत फरशीपासून स्लॅबपर्यंत फार तर साडेनऊ फूट मिळतात आणि हॉलच्या मधून बीम गेला असेल तर त्याखाली आठ-सव्वाआठ. त्यात घर सजवताना पीओपीचं फॉल्स सीलिंग केलेलं असतं. त्यानं आणखी सहा इंच गिळलेले. ड्रायव्हर म्हणजे गोल्फची सगळ्यात लांब काठी, साधारण ४५ इंचांची. पावणेसहा फुटी माणसानं ती मनापासून फिरवली, तर टोक नऊ फुटांच्या आसपास जातं. निर्धास्त खेळायला दहा फूट हवेत.

हे कागदावर मोजून भागत नाही. मी जुना टॉवेल ड्रायव्हरच्या डोक्याला घट्ट गुंडाळतो, त्यावर खडूची पूड चोळतो आणि मालकांना म्हणतो, फिरवा. पहिले दोन-तीन फेरे जपून होतात. माणसाला आपलं छत दिसत असतं, खांदे आपोआप आखडतात. मी त्यांना गप्पांत घालतो, मागच्या रविवारच्या खेळाचा विषय काढतो. अंग मोकळं झालं की हात खरा फिरायला लागतो आणि पांढऱ्या सीलिंगवर नाही, तर त्याच्या कडेच्या लाकडी पट्टीवर खडूचा ओरखडा उमटतो. पहिल्या फेऱ्यांपेक्षा तीन-चार इंच वर. त्या ओरखड्यासमोर मला वेगळं काही सांगावं लागत नाही. फॉल्स सीलिंग उतरवायचं की ड्रायव्हर बाजूला ठेवून छोट्या आयर्न काठ्यांवर समाधान मानायचं, हे मालक स्वतःच ठरवतात. मधला बीम मात्र कुणी हलवू शकत नाही. ‘थोडा छिलून मिळेल का’ असं विचारणारेही भेटतात. नाही मिळणार.

रो-हाऊसवाल्यांचं नशीब बरं. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आठवा. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात ती वसाहत आखली तेव्हा एका घराची भिंत दुसऱ्याशी सामाईक ठेवली नव्हती, कारण कुटुंब वाढेल तसं घरही वाढवता यावं. पुढे लोकांनी ते वाढवलंही, अनेकांनी मूळ घर पाडून दोन-तीन मजले चढवले. अशा घराची पुनर्बांधणी निघाली असेल, तर वरचा मजला अकरा फूट उंच ठेवायची सूचना आर्किटेक्टला नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी द्यायची. नंतर गच्चीवर पत्र्याची शेड ठोकून त्यात गोल्फ खेळायचं मनात असेल, तर महापालिकेची नोटीस हाही त्या खेळाचा भाग धरून चाला.

आता पडदा. गोल्फच्या चेंडूचं वजन जेमतेम ४६ ग्रॅम, पण जोरकस फटक्यात तो ताशी २४० किलोमीटरनं सुटतो. बुमराचा ताशी १४० किलोमीटरचा चेंडू जेवढ्या ताकदीनं येतो, त्याच्या आसपासची ही ताकद, आणि ती एवढ्याशा टणक गोळीत भरलेली. म्हणून गोल्फचा पडदा जाड, दोन-तीन पदरी विणीच्या पॉलिएस्टरचा असतो आणि थोडा सैल सोडावा लागतो. ताणून बसवला तर चेंडू सरळ तुमच्या नडगीवर परत येतो. मागे भिंतीपर्यंत फूटभर पोकळी ठेवावी लागते, नाहीतर प्लॅस्टरमध्ये खड्डे पडतात. सिनेमाला याच्या अगदी उलट पाहिजे. पडदा तबल्याच्या पुडीसारखा ताठ, सुरकुती दिसता कामा नये, विणीचा दाणा डोळ्यांना खुपता कामा नये. सैल पडद्यावर नायिकेच्या गालाला लाट येते.

यावर मला पटलेला तोडगा म्हणजे दोन पडदे. गोल्फचा कायमचा मागे, सिनेमाचा मोटरवर वरून उतरणारा, त्याच्या पुढे. धोका उघड आहे: सिनेमाचा पडदा खाली असताना कुणी उत्साहानं फटका मारला, तर महागातलं कापड एका क्षणात गेलं. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून अशी जोडणी करून घ्यायची, की तो पडदा उतरला की चेंडूवरचा दिवा आणि मोजणी यंत्र दोन्ही बंद. पाहुण्यांची मुलं घरात असताना याचं मोल कळतं.

चित्राच्या आकाराचंही भांडण आहे. १२ फूट रुंद भिंतीवर गोल्फला जमिनीपासून छतापर्यंत चित्र हवं, जवळपास चौकोनीच. आजचा रुंद सिनेमा त्याच रुंदीत पाच फूट उंचीवरच थांबतो. वर-खाली उरलेल्या जागेला काळ्या कापडाची झालर लावली की डोळ्यांना बरं वाटतं.

प्रोजेक्टर कुठे टांगायचा, हा सगळ्यात गमतीचा प्रश्न. नेहमीच्या होम थिएटरमध्ये तो प्रेक्षकांच्या मागे असतो. इथे मागे ठेवला तर खेळणाऱ्याचीच सावली मैदानावर पडते. म्हणून कमी अंतरावरून मोठं चित्र देणारा, शॉर्ट थ्रो जातीचा घ्यायचा. समजा त्याचं गुणोत्तर, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, ०.८ आहे; मग १२ फुटी चित्रासाठी तो पडद्यापासून साडेनऊ-पावणेदहा फुटांवर येतो. म्हणजे बरोबर चेंडूच्या डोक्यावर! मध्यभागी लावायचा हट्ट करू नका. काठी वर जाते ती खेळणाऱ्याच्या डोक्यावरून, पाठीच्या बाजूला. त्याच्या छातीसमोरची छताची जागा त्यामानानं मोकळी असते. प्रोजेक्टर त्या बाजूला सरकवायचा आणि चित्र लेन्स शिफ्टनं, म्हणजे प्रोजेक्टर न हलवता नुसती लेन्स सरकवून, मध्यावर आणायचं. ही सोय नसलेला प्रोजेक्टर दुकानात कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. घरात कुणी डावखुरा खेळणारा असेल, तर मग खोली आणखी रुंद, पंधरा फुटांची हवी.

सोफा? ते पाय पसरायचे मोठे रिक्लायनर सगळ्यांनाच हवे असतात. उघडल्यावर एकेक पाच-साडेपाच फूट जागा खातो, आणि नेमका काठी मागे जाते तिथे. चाकांच्या हलक्या खुर्च्या घ्या आणि खेळताना भिंतीला लावा.

आवाजाच्या बाबतीत मात्र दोघांचं थोडं जमतं. सिनेमाचा सबवूफर आणि मॅटवर आपटणारी काठी, दोघांचाही त्रास स्लॅबमधून खाली उतरतो. वरचा आवाज पडद्यांनी आणि रॉकवूलच्या पॅनेलनी दाबता येतो, हा धप्पकन येणारा धक्का दाबता येत नाही. त्यासाठी जमीनच वेगळी करावी लागते: खाली जाड रबर, त्यावर दोन थर प्लाय, मग मॅट, आणि हे सगळं भिंतींना कुठेही न टेकता. एवढं एकदा केलं की दोन्ही कामं होतात. तरीही सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघायच्या आधी खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलवा, त्यांच्याच घरात बसवा आणि वर कुणालातरी फटके मारायला सांगा. सेक्रेटरींची एनओसी त्यानंतर लवकर येते.

स्पीकरपैकी मधला, म्हणजे ज्यातून संवाद येतात तो, मोठ्या थिएटरात पडद्यामागे असतो. आपल्या खोलीत नेमका तिथे चेंडू येणार. तो पडद्याच्या वर, किंचित खाली कलवून लावायचा. दोन बाजूंचे स्पीकर काळ्या कापडामागे, पुढे लोखंडी जाळी घेऊन. फटका दरवेळी सरळच जातो असं समजणाऱ्यानं गोल्फ खेळलेलं नसतं.

उजेडाचं थोडक्यात सांगतो. भिंती आणि छत गडद, चमक नसलेल्या रंगात; चेंडूवर एकच अरुंद झोताचा दिवा, तो पडद्यावर सांडणार नाही अशा कोनात; बाकी सगळे दिवे वेगळ्या स्विचवर आणि डिमरवर. पांढरं छत ठेवलंत तर पडद्याचा उजेड त्यावरून परतून चित्राचा काळा रंग राखाडी करतो.

आणि पाऊस. ज्याच्यासाठी ही खोली केली, तोच तिचा शत्रू. खाडीकाठच्या दमट हवेत बंद खोलीतल्या लेन्सवर बुरशीची जाळी धरते, पडद्याला कोंदट वास येतो, पॅनेलच्या मागे ओल साचते. बाहेरच्या भिंतीला लागून पॅनेल ठोकायच्या आधी एका पावसाळ्यात त्या भिंतीवर हात फिरवून बघा. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर चालू राहू द्या, आणि आठवड्यातून दोनदा तरी प्रोजेक्टर तास-दोन तास लावा, गोल्फ नसेल तर सिनेमा. त्याच्या स्वतःच्या उष्णतेनं आतली ओल निघून जाते.

राहता राहिला वादाचा मुद्दा: दोघांत मोठं कोण? गिऱ्हाईक बहुतेक वेळा म्हणतं, गोल्फ आधी, सिनेमा जमेल तसा. मी उलट सल्ला देतो. छताची उंची, जमिनीचा थर आणि चेंडूची वाट एवढ्या तीन गोष्टी गोल्फला द्या, त्यांत तडजोड नाही. बाकी प्रत्येक ठिकाणी थिएटरचं ऐका. गोल्फ खेळणारा घरात एकटाच असतो, आणि ऑक्टोबर उजाडला की तोही पहाटे किट गाडीत टाकून खारघरला निघून जातो. त्यानंतर जूनपर्यंत ती खोली बाकीच्यांची असते.