चहा चांगला होता, गिऱ्हाईक येत नव्हतं



मला विषय दिलाय, 'व्यवसायासाठी लागणारी मानसिकता'. या विषयावरची भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. मोठी स्वप्नं बघा, सकारात्मक राहा, धोका पत्करा. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण असं सांगणारा माणूस गृहीत धरतो की तुम्ही पडलात तर उचलायला घरात कुणीतरी आहे. इथं बसलेल्या बहुतेकांच्या घरात पदवी पहिल्यांदाच आली. घरभाडं, भावाची फी आणि आईचं औषध या तिन्हींचा हिशेब त्या पदवीवर बसवलेला आहे. अशा माणसाला 'धोका पत्कर' म्हणण्याआधी तो धोका नेमका किती रुपयांचा, हे विचारायला हवं. म्हणून मानसिकता हा शब्द मी एकाच अर्थानं वापरणार आहे: अडचण समोर आली की तिच्याकडे बघायचं कसं.

कोल्हापूरचे गंगाराम कांबळे तुम्हाला माहीत असतील. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढे शाहू महाराजांच्या मदतीनं त्यांनी चहाचं दुकान काढलं. दुकान स्वच्छ होतं, चहा चांगला होता, पण गिऱ्हाईक येत नव्हतं. आता या माणसाला तुम्ही काय सल्ला द्याल? चहात साखर वाढव? आत्मविश्वास वाढव? शाहू महाराजांनी ओळखलं की दोष चहात नाही, पिणाऱ्यात आहे. ते स्वतः त्या दुकानावर थांबून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले.

बाबासाहेबांचंही तेच झालं. 1917-18 च्या सुमाराला मुंबईत त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, त्याच्याहून लायक सल्लागार कुठून आणणार? पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक तुटलं आणि व्यवसाय बंद करावा लागला. तिथं मानसिकता बाबासाहेबांची चुकली नव्हती.

मग पहिली सवय ही लावून घ्या. अडचण आली की आधी ती कुठली आहे ते ओळखा. मालात खोट आहे का? हिशेबात आहे का? भांडवलात, माहितीत आहे का? की समोरच्याच्या मनातल्या जातीत आहे? प्रत्येकीचा इलाज वेगळा. मालातली खोट आपण स्वतः सुधारायची. जातीच्या अडचणीला संघटना लागते, कायदा लागतो. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. कुणी सगळा दोष स्वतःवर घेतो आणि खचतो. कुणी सगळा दोष व्यवस्थेवर टाकतो आणि वही उघडतच नाही. दोघांचंही दुकान बंद पडतं.

आता वही उघडू. समजा, आपल्यातल्या एका मुलीला शाळेच्या 500 गणवेशांची ऑर्डर मिळाली. एका गणवेशाला 400 रुपये, म्हणजे 2,00,000 रुपयांचं बिल. कापड 200 रुपये, शिलाई 110, दोरा, बटणं, पॅकिंग आणि वाहतूक 30. एकूण खर्च 340. एका गणवेशामागे 60 रुपये सुटले, 500 गणवेशांवर 30,000. घरात आनंद.

पण कापडवाला तिला ओळखत नाही, त्याला रोख हवेत. कारागिरांना दर आठवड्याला मजुरी द्यायची. म्हणजे 1,70,000 रुपये आधी उभे करायचे आणि शाळा पैसे देणार तीन महिन्यांनी. बँकेत तारण नाही म्हणून तिनं खाजगी सावकाराकडून महिना 3 टक्क्यांनी पैसे उचलले. महिन्याला 5,100 रुपये व्याज. तीन महिन्यांत 15,300 गेले, निम्मा नफा संपला. शाळेनं सहा महिने लावले तर व्याज 30,600. नफा 30,000. सहा महिने राबून 600 रुपयांचा तोटा, आणि तिची स्वतःची मजुरी तर आपण धरलेलीच नाही.

आता दुसरा मुलगा घ्या. तीच ऑर्डर, तीच शिलाई. याचा मामा कापडाच्या धंद्यात आहे. मामाच्या शब्दावर कापड उधारीवर मिळालं, पैसे शाळेचं बिल आल्यावर. त्याला उभे करायचे फक्त 70,000. ते बँकेतून वर्षाला 12 टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला 700 रुपये व्याज. सहा महिन्यांत 4,200. त्याच्या हातात 25,800 राहिले. दोघांच्या कष्टात फरक नाही, हुशारीत नाही. फरक मामाचा आहे. बाजारात जात काय करते हे समजायला मोठा ग्रंथ लागत नाही, या दोन हिशेबांत ते दिसतं. आग्र्याच्या जोड्यांच्या बाजारात जाटव कारागिरांनी हेच भोगलं. माल देऊन हातात रोख नाही, पुढच्या तारखेची परची मिळायची. घर चालवायला ती परची कमी पैशांत दलालाला विकायची. कला कारागिराची, मुदतीचा पैसा दुसऱ्याचा.

मग त्या मुलीनं काय करायचं? मामा तर आणता येत नाही. पण ऑर्डरवर सही करण्याआधी चार प्रश्न विचारता येतात. आगाऊ रक्कम किती देणार? 40 टक्के मिळाली तर 80,000 हातात येतात, 90,000 च उभे करायचे राहतात. कापड शाळाच घेऊन देईल का? तिनं फक्त शिलाईचा दर घ्यायचा. माल शंभर-शंभर करून दिला आणि प्रत्येक खेपेचे पैसे लगेच मिळाले तर? मग एका वेळी 34,000 पुरतात. आणि चौथा, पैसे किती दिवसांत देणार, ते लेखी देणार का? हे प्रश्न माल पोचल्यावर विचारले तर ती विनवणी होते. आधी विचारले तर तो व्यवहार.

इथं कायदा आपल्या बाजूनं आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्यानं ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ही मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी असायला हवी. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका, आणि काम घेण्याआधी करा. तक्रार केली तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे. म्हणून तक्रार कधी करायची हे तुम्ही ठरवा, पण बिलावर नोंदणी क्रमांक आणि मुदत पहिल्या दिवसापासून छापा.

शाहू महाराजांचा तो चहा आजच्या भाषेत सरकारी खरेदी आहे. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या एकूण खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. हा हिस्सा आता 25 टक्के आहे आणि त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. हे 4 टक्के वर्षानुवर्षे पुरे भरत नाहीत. एकट्यानं अर्ज करून थकण्यापेक्षा पाच-सात जणांनी मिळून निविदा वाचायला शिका, कागदपत्रं एकदाच नीट तयार करा, एकमेकांची तपासा. ज्याला मामा नाही त्याचा मामा ही संघटना.

आता एक नाजूक गोष्ट. दर सांगताना आपली जीभ अडखळते. "तुम्हीच द्या काय ते" असं आपण म्हणून जातो. हे कुठून आलं? ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वेठ केली, ज्यांच्या कामाचं मोल दुसऱ्यानं खळ्यावर ठरवलं, त्यांच्या घरात दर सांगायची सवय कशी लागणार? याला लाजायचं कारण नाही, पण हे चालू ठेवायचंही कारण नाही. जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगाला शिक्षणाबद्दल निवेदन दिलं, त्याखाली स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे कमिशनर अशी लिहिली. व्यापारी माप घेतो, दर लावतो, बेरीज करतो आणि आकडा सांगतो. तुम्हीही खर्च, स्वतःची मजुरी आणि नफा अशा तीन ओळी लिहा, बेरीज करा आणि आकडा सांगून गप्प बसा. पुढचं वाक्य गिऱ्हाईकाला बोलू द्या.

शेवटचं, अपयशाबद्दल. आपल्यातला एक जण बुडाला की लोक म्हणतात, "यांना धंदा जमत नाही." एका माणसाचं दुकान बुडतं आणि निकाल अख्ख्या समाजाचा लागतो. हे ओझं डोक्यावर घेतलं की माणूस बुडणारं दुकान वेळेवर बंद करत नाही, बहिणीच्या लग्नाचे पैसेही त्यात घालतो. म्हणून सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहा: या कामात मी जास्तीत जास्त इतके रुपये आणि इतके महिने घालीन. तो आकडा घरच्यांसमोर लिहा. घराचे पैसे वेगळ्या खात्यात, धंद्याचे वेगळ्या. मर्यादा आली की थांबा, हिशेब मांडा, नोकरी करा, पुन्हा या. बाबासाहेबांचा सल्ल्याचा व्यवसाय बंद झाला, नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर त्यांचा ग्रंथ आला. गिऱ्हाईक तुटल्यानं त्यांची विद्या तुटली नाही.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. डोक्यात जो व्यवसाय आहे, त्याच्या पहिल्या ऑर्डरचा हिशेब, त्या मुलीसाठी मांडला तसा, एका कागदावर मांडा. पैसे कधी जाणार आणि कधी येणार, तारखेसकट. मग तो कागद घेऊन एकमेकांना भेटा.

जय भीम.